समोरच्याने वारा अडवायचा नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पाऊण-एक तासात समुद्र गाठता येतो, पण आपली मंडळी गेली तर पॉइंट प्लेझंटला जातात नाहीतर अ‍ॅस्बरी पार्कला. अ‍ॅस्बरी पार्कला खेटून असलेल्या ओशन ग्रोव्ह गावात कोणी वळत नाही. मीही पार्किंग मिळेना म्हणून वळले आणि मग बीच राहिलाच बाजूला, घरंच बघत बसले.

समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शेवटच्या दोन ब्लॉकमधली घरं एका रेषेत नाहीयेत, समुद्र जितका जवळ तितकं घर रस्त्यापासून मागे सरकलेलं, म्हणजे रस्ता कर्ण्यासारखा उघडत जातो आणि मागच्या घरातल्या माणसालाही पोर्चवर बसून पाणी दिसतं, वारा लागतो. बीचसमोरच्या महागड्या प्लॉटवाल्याने जागा सोडायची, मागच्यासाठी! पुण्यात साइड मार्जिनमध्ये (घराच्या बाजूने मोकळी सोडायच्या जागेत) सुद्धा शेड टाकणाऱ्या माणसांत वाढलेय मी, मला हे पचायलाच वेळ लागला. 1869 मध्ये मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी उन्हाळी प्रार्थनेसाठी वसवलेलं गाव हे. जमीन आजही त्यांच्या संस्थेचीच, घरमालकाकडे नुसती लीज. आणि 114 तंबू अजून आहेत, पुढे कापड, मागे लाकडी खोलीत किचन-बाथरूम, मे ते सप्टेंबर लोक हौसेने राहतात.

एक आजोबा पोर्चच्या कठड्याचा एकेक दांडा खरवडत होते, खाऱ्या हवेने रंगाचे पापुद्रे निघालेले. म्हटलं प्लास्टिकचा का नाही लावत, तर म्हणे रस्त्यावरून दिसणारं काहीही बदलायचं तर आधी टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) कमिटीची मंजुरी लागते.

गावात रविवारी गाड्या बंद हा जुना नियम मात्र 1979 च्या सुमारास कोर्टात जाऊन संपला. आपल्या माथेरानला गाड्या आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात (ई-रिक्षा आल्या ते सोडा), तेवढं श्रेय आपल्याला द्या की!

फोटो टाकले तर लगेच ग्रुपवर टोमणा, "तुम्ही नाही का पुण्यातला वाडा पाडलात." अरे बाबा, सहा भाडेकरू, भाडं इतकं की त्यात कौलंसुद्धा आली नसती, मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात टेकू. ओशन ग्रोव्हमधल्या कित्येकांची ती उन्हाळ्यापुरती घरं, मूळ घर वेगळं असतं, मग दांडे खरवडायला काय जातं? वाड्याच्या जागी झालेल्या आमच्या बिल्डिंगला आता लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांची सुटका झाली. बाल्कनीतून समोरच्यांच्या गॅसवर काय शिजतंय ते दिसतं, पण दुपारी तिथे बसतं कोण.