न्यूयॉर्क किती लांब? उंबऱ्यापासून मोजा

न्यूयॉर्क किती लांब, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लेक न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत, एडिसनला असते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "विमानानं किती तास हो?" ज्यांची मुलं नुकतीच तिकडे गेलीत, ते तर फार काळजीनं विचारतात.

मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. पण हे नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नाही. नातवाच्या पृथ्वीगोलावर मी शिवणाचा दोरा ताणून पाहिला. मला वाटलं होतं, तो अरबस्तान, आफ्रिका करत आडवा जाईल. ताणला तसा सरसर वर सरकला! रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं टोक, मग खाली कॅनडा. तीच सगळ्यांत जवळची वाट. विमान अगदी त्या दोऱ्यावरूनच जातं असं नाही. वारा कसा आहे, कुणाची हद्द खुली आहे, ते पाहून वाट ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. असं झालं की वळसा आलाच.

थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना दीड-दोन तास कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो टाळत जायचं, येताना तोच पाठीशी. थंडीत त्याचा जोर जास्त.

घड्याळाच्या नादी मात्र लागू नका. मी जानेवारीत रात्री दीडला मुंबईहून निघाले आणि त्याच दिवशी सकाळी सातला तिथं उतरले. साडेपाच तासच झाले म्हणायचे! तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. घड्याळ फसतं, गुडघे फसत नाहीत. दर दोन तासांनी उठा, मधल्या वाटेत चार फेऱ्या मारा, पाणी पीत राहा.

आणि खरं उत्तर विचाराल, तर तीस तास. साताऱ्याहून दुपारी दोनला गाडी काढली. घाट, पनवेलची गर्दी, चहा धरून विमानतळावर पोचायला साडेआठ. रांगा, तपासणी, वाट बघणं, यांत पाच तास. मग ते सोळा. उतरल्यावर शिक्के, बॅगा आणि पुढे एडिसनपर्यंतचा रस्ता यांत अडीच तास. बेरीज करून बघा.

हा हिशेब मला डब्यासाठी लागतो. लेकीला पुरणपोळी हवी असते, पण तीस तास बॅगेत पुरणाचा भरवसा नाही. म्हणून मी गुळाच्या पोळ्या नेते. आदल्या रात्री लाटते, पूर्ण गार करते, मधे कागद घालून स्टीलच्या डब्यात भरते. उतरल्यावर तिथल्या तपासणीत खायचं सामान आहे असं सरळ सांगते.

दारातच ती आधी डबा मागते. पोळ्या अजून खुसखुशीत असतात.