सातबारा कोरा होते, पोट्ट्याच्या लोनचं काय?

आमच्या यवतमाळकडं कर्जमाफी हा शब्द शाळेतल्या पोट्ट्यालेही समजते. २००८ ची झाली, २०१७ ची झाली, २०१९ ला दोन लाखापर्यंतची झाली, पानठेल्यावर कोणालेही विचारा, यादीत नाव कसं येते अन् अंगठा कुठं लावायचा सगळं तोंडपाठ. पण शिक्षणाच्या लोनची माफी असते हे मला चुलतभावाच्या भानगडीत कळलं, अन् तीही अमेरिकेतली.

भाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता. लोन पावणेचार लाखाचं, चारच्या आत म्हणून तारण लागलं नाही, मोठेबाबांची, म्हणजे त्याच्या बापाची, सही लागली. शेवटच्या वर्षाला दिवाळीत बाईकनं गावी येताना रानडुक्कर आडवं आलं अन् मणक्याला असा मार लागला की कमरेखाली आता काहीच नाही. सिव्हिलमधून सर्टिफिकेट झालं, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते यूडीआयडी कार्ड आलं, मग बँकेची नोटीसही आली, कारण कोर्सची मुदत संपून वर्ष झालं की हप्ता चालू. कोर्स पूर्ण झालाच नाही, पण मुदत तर संपली ना.

मोठेबाबांसोबत मीच बँकेत गेलो. साहेब नीट बोलले, खोटं कशाला सांगू. असा नियमच नाही म्हणे, लोनसोबत विमा काढला होता का? नव्हता. मग पासबुक मागितलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाचे २० रुपये, अपघातात दोन्ही पाय कायमचे कामातून गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. मोठेबाबांच्या पासबुकात २० रुपयाची ओळ दरवर्षी बरोबर. पोट्ट्याच्या खात्यात त्या मे महिन्यात बॅलन्स होता ११ रुपये ४० पैसे, कटलेच नाही. मोठेबाबा त्या ११.४० वर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे होते, मागं लाईन लागली तरी.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधत बसलो. अमेरिकेत सरकारी शिक्षण कर्ज घेतलेला माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर कर्ज माफ होते, खाजगी कर्जाला हा नियम नाही. पण तिथंही आपल्यासारखाच ताप होता बरं! आधी अर्ज करा, डॉक्टरची सही आणा, माफी झाल्यावर ३ वर्षं कमाईचे कागद देत राहा, अन् एखादा कागद चुकला की माफ झालेलं कर्ज परत जिवंत. आपल्या निराधारच्या पगाराला हयातीचा दाखला चुकला की पगार बंद, तसंच. मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या शिक्षण खात्यानं सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन खात्याच्या, अपंगांची यादी कर्जदारांच्या यादीशी जुळवली अन् ३ लाख २३ हजारांवर लोकांचं ५८० कोटी डॉलर कर्ज अर्जाशिवाय माफ करून टाकलं. २०२३ पासून तर कमाईची ती तपासणीही बंद.

मला रक्कम मोठी नाही वाटली, दोन याद्या जुळवल्या हे मोठं वाटलं. आपल्याकडं काय कमी आहे? यूडीआयडी सरकारजवळ, आधार सरकारजवळ, लोन सरकारी बँकेत. दिव्यांगांना शिकायला कर्ज देणारं राष्ट्रीय महामंडळ १९९७ पासून आहे, पण कर्ज काढून शिकताना जो दिव्यांग झाला त्याचं काय, यावर कोणाजवळ उत्तर नाही. सध्या आम्ही सेटलमेंटचा, म्हणजे कमी रकमेत लोन मिटवायचा, अर्ज टाकला आहे, मोठेबाबा दीड एकर विकायला काढतो म्हणून राहिले अन् मोठीआई त्यांच्याशी बोलत नाही.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. खाटेवर पडल्यापडल्या ऐकत होता. म्हणे, "म्हणजे तिकडं सरकारनंच शोधलं का बे या लोकायले? मंग माह्यं कार्ड कायले आहे?"

मी म्हटलं, एसटीत ७५ टक्के सवलत आहे ना.

"हो, अन् एसटीत मले चढवते कोन?"