पांढरा जपून

बर्फातलं जंगल तैलरंगात रंगवायला घेतलं की सगळ्यात आधी टिटॅनियम व्हाइटची ट्यूब संपते. बाकीच्या ट्यूबा वर्षानुवर्षं पुरतात, हिला मात्र शेपटापासून गुंडाळत आणावं लागतं. गंमत अशी, की निखळ पांढरा कॅनव्हासवर लागतो जेमतेम नखाएवढा. बाकीचा सगळा मिसळण्यात जातो.

सावलीतल्या बर्फाला पांढऱ्यात अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि अगदी कणभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. तो कण विसरलात, तर कपड्यांना नीळ जास्त झाल्यासारखं दिसतं. उन्हातल्या बर्फाला यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, नुसता हात लावायचा. सावलीत ऊन पोचत नाही, पण वरच्या निळ्या आभाळाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळी. डोळ्यांना हे दिसतं. मन मात्र ‘बर्फ पांढराच’ म्हणून अडून बसतं.

१८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं नॉर्मंडीत एत्रताजवळ ‘द मॅगपाय’ रंगवलं. फाटकावर एकटा पक्षी, आणि कुंपणाची बर्फावर पडलेली निळसर सावली. १८६९ च्या पॅरिस सलोननं, म्हणजे तिथल्या मानाच्या चित्रप्रदर्शनानं, ते नाकारलं. आज ते ओर्से संग्रहालयात आहे. रशियन चित्रकार शिश्किनच्या १८९० च्या ‘हिवाळा’ या चित्रातही पक्षी आहे, पण फांदीवर एवढासा, शोधावा लागतो. झाडं रंगवावीत ती शिश्किननंच, एकेक खोड हाताला खरखरीत लागेल असं. बर्फ मात्र मला मोनेचाच हवा.

आणि वेड हवं असेल तर इगोर ग्राबार या रशियन चित्रकाराचं. १९०४ साली मॉस्कोजवळ या गृहस्थानं बर्फात पुरुषभर नाही तरी मीटरभराहून खोल चर खणला, इझल घेऊन आत उतरला आणि वर निळी रंगवलेली छत्री धरली. का, तर बर्चचं झाड खालून बघायचं होतं, आभाळात चढत जाणारं. त्या ‘फेब्रुवारीतली निळाई’त बर्चची पांढरी सालसुद्धा कुठे गुलाबी, कुठे जांभळट आहे. आपण पंख्याखाली बसून मान दुखते म्हणतो!

तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. ही रेंगाळ या चित्राला मानवते. दूरची झाडं ओली असतानाच कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच पुसली की धुक्यात विरतात. जवळच्या फांदीवरचा बर्फ मात्र पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीनं, आणि तोही खालचा रंग वाळल्यावर. नाइफच्या कडेवर जाड रंग घ्यायचा आणि फांदीवरून जवळजवळ न टेकवता ओढायचा. रंग तुटत तुटत बसतो, मधून साल डोकावते. जरा जोर दिलात की सगळं लिंपलं जातं.

हे जाड थर आठवडेच्या आठवडे ओले राहतात. चित्र कपाटावर उंच ठेवा, घरात सगळ्यांना बजावून सांगा. तरी फांदीवरच्या बर्फात कुणाचं तरी बोट उमटतंच, आणि विचारलं की कुणीच कबूल होत नाही.