डांबरावर तीस चौरस मीटर

२०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या घराला ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, मर्यादा होती. सोलापूरजवळच्या कुंभारीचं रे नगर, ही कामगारांची वसाहत, याच योजनेतलं. कागदावर हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या बोळात तो फक्कीने खऱ्या मापात आखा, मग लोक आपोआप भांडायला लागतात.

आखायचं ६ बाय ५ मीटर. एवढ्या मापाला गवंड्याचा गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) अपुरा पडतो. दोरीवर ३-४-५ च्या खुणा करून कोपरे धरा, शेवटी दोन्ही कर्ण मोजा: ७.८१ मीटर. बोटभर फरक चालेल, वीतभर आला तर पुन्हा आखा. बघ्यांत एखादा गवंडी असतोच.

आतल्या भिंती दुहेरी रेघेनेच काढा. इथेच बहुतेक जण फसतात, कारण रेराच्या (घरबांधणी व्यवसायावरच्या नियमन कायद्याच्या) व्याख्येत आतल्या भिंतीही चटईक्षेत्रातच धरतात. गिलाव्यासकट साडेबारा सेंटिमीटर जाडीची पाच मीटर भिंत ०.६ चौरस मीटर खाते. राष्ट्रीय इमारत संहितेची किमान मापं, चौरस मीटरमध्ये, अशी: खोल्या ९.५ आणि ७.५, स्वयंपाकघर ५, न्हाणी १.८, संडास १.१. बेरीज २४.९. उरलेल्या ५.१ मध्ये भिंती आणि येण्याजाण्याची वाट. दाराच्या जागी नुसती फट ठेवू नका, दार उघडताना जेवढी जागा फिरतं तेवढी कमानही काढा. ती बहुधा खाटेला अडते.

खाट, कपाट, शेगडी खरीखुरी मांडा. मग विडी वळणाऱ्या दोघींना सूप घेऊन आत बसायला सांगा. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, बंडलं बांधायची कुठे? संहितेला झोप, स्वयंपाक, अंघोळ दिसते. घरात बसून केलेली मजुरी दिसत नाही. हातमाग तर सोडूनच द्या. जिला भिंत नको वाटेल तिला ती पायाने पुसू द्या आणि नवी आखू द्या. आमच्या मते खरं काम हेच, बाकी सगळी तयारी. खोल्यांची नावं मराठीबरोबर तेलुगूतही लिहा.

सगळ्याला पाचेक किलो फक्की पुरते. वाऱ्याने उडते, म्हणून आधी खडूने आखून घ्या. कळीचा चुना नको, पोरांचे डोळे भाजतील. चुन्यात डिंक घातला तर रेघ धुऊन निघत नाही. ऑइल पेंट तर अजिबात नको: मालमत्ता विरूपणाचा १९९५ चा कायदा अंगावर येऊ शकतो. फक्की असली तरी महापालिकेचं लेखी पत्र जवळ ठेवा. स्पेनमधल्या सेव्हियात सांतियागो सिरुखेदा या वास्तुकाराने दर्शनी भिंतीवरचं रंगकाम पुसायचं म्हणून परांचीची परवानगी काढली आणि त्या परांचीतच एक खोली उभारली. परवानगीच्या कागदावर काय लिहून घ्यायचं, याचा विचार आखणीइतकाच करावा लागतो.