पहिला पगार हातात येईपर्यंत

"ताई, ऊसतोडीचा मुकादम आधी पैसे देतो. कंपनी महिनाभर काम करून घेते, मग देते."

आयटीआय फिटर झालेलं वडवणीकडचं पोरगं. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपनीचं पत्र हातात, आणि तरी जावं की नाही, हा प्रश्न.

त्यानं पत्र उलटं करून दाखवलं. मागं पेनानं हिशोब मांडलेला. खोलीभाडं, मेस, शेअर रिक्षा, सेफ्टी शूज. सगळ्यांपुढं आकडे. शेवटी लिहिलं होतं 'घरी', आणि त्याच्यापुढं कोरं.

आईबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला गेलं, तर दिवाळीच्या आधीच मुकादमाची आगाऊ उचल घरात येते. ती फेडण्यात पुढचे सहा महिने जातात, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण दवाखान्याचं देणं आज आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. गावात राहून ठीक. वाळूजला खोली करून त्यातून घरी काय पाठवणार?

किती पोरं कामाला लागली ते आपण मोजतो. दोन महिन्यांनी त्यातली किती टिकली, हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, पोरं कामाला कंटाळून परत येत नाहीत, पहिल्या पगारापर्यंत तग धरता येत नाही म्हणून येतात.

बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीकडं डिपॉझिट न घेता खोली देणारं कुणी ओळखीचं आहे का? मेसवाले, जे पहिला महिना थांबतील?