कपातला दगड, सीटमधला चिंगम

काकांनी मासे पकडायची रॉड टेबलावर आडवी ठेवली. एका हाताने कॉर्कची मूठ धरली, दुसऱ्या हाताने रील सीट, म्हणजे दोरीची रील जिथे बसते तो भाग, पिळली. सीट फिरली. किर्रर्र असा बारीक आवाजही आला.

"अगं, फिरतंय हे."

एवढंच बोलले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ही फ्लाय रॉड महिन्यापूर्वी मीच दुरुस्त करून दिली होती. सीटचं लाकूड त्यांनी स्वतः लेथवर कातलेलं, गडद तपकिरी, त्यात एक वाकडी काळी रेघ. तसला दुसरा तुकडा त्यांच्याकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच.

माझा पहिला विचार असा की, माझं चुकलेलंच नाही. मी जोडकाम केलं की उरलेलं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून कडक होणारा गोंद, कपात तसंच ठेवते, वर तारीख टाकते आणि दुसऱ्या दिवशी नख दाबून बघते. नख रुतलं तर रॉड द्यायची नाही. त्या दिवशीचा कप फळीवर सापडलाही. काळंभोर इपॉक्सी, ढवळायची काडी त्यात उभी. काकांसमोर टेबलावर आपटला, ठण्ण वाजला. दगड! काका कपाकडे बघत राहिले, मग सीटकडे, मग माझ्याकडे.

सीट काढायचीच होती. फ्लाय रॉडची सीट अगदी मागच्या टोकाला असते, म्हणून कापाकापी न करता ओढून काढता येते. त्यासाठी मी हॉट एअर गन वापरत नाही. ती बघता बघता तीनशे अंशांच्या पुढे जाते आणि कार्बनचा ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ पोकळ काठी, तीसुद्धा रेझिनमध्येच बांधलेली असते, तीही जळते. पाणी कितीही तापवलं तरी शंभराच्या वर जात नाही, आणि घरच्या तापमानाला सेट झालेली बहुतेक इपॉक्सी त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतात. लाकडाला पाणी लागू नये म्हणून सीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळली आणि वरून उकळतं पाणी सोडायला घेतलं. दुसऱ्या भांड्यापर्यंत थांबावंही लागलं नाही. पिळून ओढली, निघाली.

आत जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ब्लँकवर काळ्या थराचे दोन पट्टे, आणि त्यांतून मधाच्या रंगाच्या लांब शिरा, संगमरवरात असतात तशा. काळ्यावर नख लावलं तर कडक. पिवळ्या शिरेवर लावलं तर नख रुतलं आणि बोटाला तार आली. कपात दगड, सीटमध्ये चिंगम, आणि दोन्ही एकाच कालवणीतले.

काका म्हणाले, "मग तुझा कप खोटं बोलतो."

खोटं बोलत नव्हता, अर्धंच सांगत होता. त्या संध्याकाळचं एकेक आठवत गेलं. लाकूड आणि कॉर्क यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसत होती, तिथे पारदर्शक इपॉक्सी चमकलं असतं, म्हणून काळा पिगमेंट, म्हणजे रंग, घातला. तो रेझिनमध्ये घातला, हार्डनर नंतर ओतला. हा क्रम बरोबरच आहे, कारण रंग नीट घोटायला वेळ मिळतो, हार्डनर पडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. पण कप अरुंद होता आणि काडी गोल. गोल काडी मधलं छान ढवळते, भिंतीला चिकटलेलं तसंच राहतं. ढवळून झाल्यावर मधलं इपॉक्सी वापरलं आणि शेवटी सीटला थोडं कमी पडतंय म्हणून कपाच्या भिंती खरवडून तेवढं लिंपलं. म्हणजे न मिसळलेलं सगळं सीटमध्ये गेलं आणि कपात काडीभोवती जे थोडं उरलं ते चांगलं मिसळलेलं होतं. त्यावर मी दुसऱ्या दिवशी नख दाबून खूश!

काळा रंग रेझिनमध्ये होता, म्हणजे त्या पिवळ्या शिरा न मिसळलेल्या हार्डनरच्या. इपॉक्सीत कमी पडलेलं रेझिन किंवा हार्डनर जादा वेळ देऊन भरून निघत नाही. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांत अडकूनच तो पदार्थ कडक होतो. जोडीदार मिळाला नाही तर तो भाग महिनाभरानेही चिकटच. उलट, इपॉक्सी बिनरंगाचं असतं तर त्या शिरा मला दिसल्याच नसत्या, चिकटपणाचा दोष मी थंडीवर किंवा जुन्या बाटलीवर ढकलला असता.

मग इतक्या काळ्या कालवणीत ढवळताना त्या शिरा का दिसल्या नाहीत? कारण कपात थर जाड असतो. जाड थरात सगळं काळंच दिसतं. हे पटवायला मी तिथेच थोडं रेझिन काळं केलं, हार्डनर घालून दहाबारा वेळा ढवळलं. कपात एकसारखं काळं. मग पांढऱ्या टाइलवर पात्याने पातळ ओढलं. पिवळ्या रेघा लगेच दिसल्या. काका वाकून बघत होते. आणखी ढवळून पुन्हा ओढलं, रेघा कमी. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून सपाट पट्टीने ढवळलं, तेव्हा कुठे रेघा गेल्या.

"आता पाच मिनिटंवालं लाव आणि दे, उद्या निघायचंय मला," काका म्हणाले.

नाही म्हटलं. पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी टिप टॉपला, म्हणजे रॉडच्या टोकावरच्या कडीला, ठीक, कारण टिप टॉप कधीतरी तुटणारच आणि काढावा लागणार. सीटवर सतत पीळ बसतो, पाणी बसतं, आणि ते झटपट इपॉक्सी पाणी आणि उष्णता दोन्हीला कच्चं. रॉडवरच्या कड्या ज्या धाग्याने बांधतात त्या धाग्यावर लावायचं पारदर्शक फिनिशही इथे नको. ते मुद्दाम लवचीक आणि पातळ बनवलेलं असतं, फटीत टिकत नाही, ओघळून जातं. सीटला हळू सेट होणारं, लोण्यासारखं घट्ट जोडकामाचं इपॉक्सीच हवं. काका थोडे नाराज झाले. झाले तर झाले.

रंगाचा हात मात्र मी यावेळी खूप आखडता घेतला. मागच्या वेळी कपात काळंकुट्ट दिसेपर्यंत घालत गेले होते. त्याची गरजच नसते. फट आपण कडेने बघतो, नजर तिच्यात खोलवर जाते, त्यामुळे अगदी थोडा रंगही तिथे गडद दिसतो. जास्तीचा पिगमेंट म्हणजे न चिकटणारा भरणा. आणि कोरडी पूड घेतली. ॲक्रिलिक रंगात पाणी असतं, चित्रकलेच्या तैलरंगात तेल, दोन्ही इपॉक्सीला नकोसे पाहुणे. पूड थेट कपात टाकली की गुठळ्या होतात, म्हणून आधी रेझिनच्या एका थेंबात टाइलवर पात्याने घोटली. छटा ठरवताना लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. ओलं लाकूड दिसतं तोच रंग इपॉक्सी लागल्यावर दिसतो, कोरड्याशी जुळवलं तर फसगत होते.

बाकीचं काम नेहमीचंच. जुना थर खरवडला, ब्लँक खरखरीत पेपरने मॅट केला, स्पिरिटने पुसला. ब्लँक आणि सीट यांच्यामधली पोकळी भरायला गुंडाळलेले मास्किंग टेपचे जुने पट्टे फारच रुंद होते, तेही माझंच काम. टेप जितका रुंद, तितकं इपॉक्सी ब्लँकऐवजी कागदाला चिकटतं. यावेळी पट्टे अरुंद घेतले, मध्ये मोकळी जागा सोडून ती भरून काढली. रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या सिरिंजने समान आकारमानात. वजनाने समान घेतले असते तर रेझिन जड असल्यामुळे हार्डनर जास्त पडला असता. आणि कपाच्या भिंती खरवडल्याच नाहीत, दोन कपांतलं उरलेलं तसंच टाकून दिलं.

उरलेल्या कपाबरोबर पांढऱ्या टाइलवरचा पातळ ओघळही ठेवला. तिसऱ्या दिवशी नख दोन्हीवर दाबलं.

काका आले, मूठ धरली, सीट पिळली. मनगटावरची शीर फुगेपर्यंत पिळली. मग भिंगातून फट शोधत बसले आणि सापडली तेव्हा "हं" म्हणाले.

ते गेल्यावर वहीत या कामाची नोंद करायला बसले आणि मागच्या महिन्याचं पान उलटलं. त्या तारखेला काकांच्या रॉडच्या वर आणखी एक ओळ होती: दुसऱ्या एका ग्राहकाची मूठ, काळं इपॉक्सी, तोच कप. आधी तिला लावलं होतं, म्हणजे मधलं, चांगलं मिसळलेलं असणार. असणार. मी फोन उचलला आणि त्यांना विचारलं, जरा मूठ पिळून बघता का?