जॉब बदलताना उघडून दाखवायला काय होतं

मे 2025. दुपारी तीनचा व्हिडिओ कॉल, पुण्याच्या एका गेम स्टुडिओचा टेक्निकल राउंड. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात कूलरचा आवाज एवढा की समोरच्याला माझं काही ऐकूच येईना, शेवटी आईने येऊन कूलर बंद केला. नागपूरचा मे, बंद खोली, कानावर हेडफोन, पाच मिनिटांत पाठ ओली. आणि पहिलाच प्रश्न, "तू बनवलेलं काहीतरी उघडून दाखव."

पावणेदोन वर्षं मी इथेच एका छोट्या स्टुडिओत युनिटी डेव्हलपर होतो, युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. हायपरकॅज्युअल गेम्स, म्हणजे एका बोटाने खेळायचे, बघताक्षणी समजणारे. दोन-तीन आठवड्यांत प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना करायचा, मग पब्लिशर थोड्या जाहिराती चालवून बघतो की एक इन्स्टॉल कितीला पडतंय आणि दुसऱ्या दिवशी किती लोक परत येतात, आकडे नाही आले की तो बंद आणि पुढचा सुरू. असे बावीस केले मी. स्टोअरवर गेला फक्त एक, आणि त्यात माझं नाव कुठेच नाही. क्रेडिट्समध्ये नाव टाका म्हणून विचारलं होतं, "नंतर बघू" म्हणाले, ते नंतर काही आलं नाही. याचा राग आहे मला, अजूनही आहे. बाकीचे एकवीस स्टुडिओच्या सर्व्हरवर आणि एनडीएवर, म्हणजे काम बाहेर न दाखवायच्या करारावर, माझी सही, त्यामुळे त्यातला एक स्क्रीनशॉटसुद्धा दाखवता येत नव्हता.

मग मी माझा मारबतीचा गेम उघडला.

हा मी रविवारी-रविवारी बनवत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, 1880 च्या दशकापासूनची परंपरा आहे, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली. गेममध्ये इतवारीच्या गल्लीतून मारबत पुढे न्यायची, वायरी चुकवायच्या, गर्दी "घेऊन जा गे मारबत" ओरडत मागे येते. सुरू करण्याआधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचलं होतं, कारण सुट्टीत केलेलं कामही कंपनीचं असा क्लॉज कधीकधी असतो. मी एचआरला मेल टाकून विचारलं, स्वतःच्या लॅपटॉपवर, घरी, स्वतःचा गेम केला तर चालेल का, आणि "चालेल" असं लेखी उत्तर घेतलं. नवीन लागलेल्या पोरांनो, हे तोंडी ठेवू नका.

तर समोरचा म्हणाला, यात सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला? मी गर्दीचं सांगितलं. पिवळी मारबत चौकात आली की आईच्या जुन्या फोनवर गेम अडकायचा. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं, पाहिजे तर एका फ्रेमला साधारण 16.6 मिलिसेकंद मिळतात, माझी ती फ्रेम 90 च्या वर जात होती. प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं टूल, लावला तेव्हा दिसलं की चौकात मी दीडशे माणसं एकाच झटक्यात नवीन तयार करून राहिलो होतो आणि मागची नष्ट करत होतो, मग त्यांची मेमरी साफ करायला गार्बेज कलेक्टर मधेच उठायचा. उपाय साधा होता, माणसं लोडिंगच्या वेळीच बनवून ठेवायची आणि मागे राहिलेला माणूस उचलून पुढच्या वळणावर उभा करायचा. पूलिंग म्हणतात त्याला. चाळीस मिनिटं आम्ही यावरच बोललो, आधी आणि नंतरचे प्रोफायलरचे ग्राफ मी जपून ठेवले होते ते दाखवले. बावीस प्रोटोटाइपचा विषय जेमतेम दोन मिनिटं निघाला. पण खरं सांगतो, एवढं झटपट बग शोधायची सवय त्या बावीसांनीच लावली, ते श्रेय जुन्या ऑफिसचंच.

ऑफर आली. त्याच आठवड्यात एका रमीवाल्या कंपनीचीही आली, पगार जवळपास दीडपट. दोन रात्री झोप नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून पैसे लावायच्या गेम्समध्ये डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला होता, तेव्हापासूनच तिथे धाकधूक होती, पण मी नाही म्हटलं ते मुख्यतः यासाठी की मला लोकांच्या खिशातले पैसे जाणारा गेम बनवायचा नव्हता. माझ्यासोबतच्या दोस्ताने तिथली ऑफर घेतली, त्याच्या घरी बाबा रिटायर, बहिणीचं शिक्षण, मी त्याच्या जागी असतो तर कदाचित मीही घेतली असती. साठ दिवसांचा नोटीस भरून मी ऑगस्टमध्ये पुण्याला रुजू झालो, आणि त्याच महिन्यात संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास झाला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही, पैसे लावून खेळायचे गेम्स बंद. दोस्ताची अख्खी टीम घरी. फोनवर एवढंच म्हणाला, "दाखवायला काहीच नाही बे माझ्याकडे."

दिवाळीला नागपूरला आलो तसा रोज संध्याकाळी त्याच्याकडे बसून राहिलो आहे. त्याने तान्हा पोळ्याचा गेम घेतलाय करायला, लाकडी नंदी सजवून गल्लीतून ओढत न्यायचा, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. काल रात्री दीडला पहिलं बिल्ड, म्हणजे चालवून बघता येणारा गेम, पाठवलं त्याने. नंदीची मागची चाकं उलटी फिरून राहिली आहेत, आज जेवण झालं की तेच पाहायचं आहे.